पार्श्वभूमी : ऑथेल्लोचा मत्सर आणि इयागोच्या हेतूचा न मिटलेला वाद

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाची गोष्ट इथे पुन्हा सविस्तर सांगत बसत नाही. थोडक्यात एवढंच: व्हेनिसचा मूर, म्हणजे कृष्णवर्णीय, सेनानी ऑथेल्लो आपला निशाणबरदार इयागो याच्या कानभरणीने, बायको डेस्डेमोनाचे कॅसिओ या अधिकाऱ्याशी संबंध आहेत असं समजतो, एका रुमालाला पुरावा मानतो आणि तिला मारतो. रुमाल कुणाचा, तो कुणाकडे सापडला आणि शेवटी पलंगावर कोण कोण मरून पडलं, हे वाचकांना ठाऊक असणार. वाद आहे तो वेगळाच. इयागो हे सगळं का करतो? ऑथेल्लो जळतो, ते कुणालाही कळतं. पण ज्याने काडी लावली त्याचं काय? नाटकाचा इतिहास पाहिला तर ही जागा शेक्सपिअरने जाणूनबुजून रिकामी केली असं म्हणावं लागतं, कारण ज्या कथेवरून त्याने नाटक बेतलं तिच्यात याचं उत्तर आयतं होतं.

ती कथा इटालियन, चिंथिओ या लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या संग्रहातली. तिथे मूर सेनानीला नाव नाही, त्याच्या निशाणबरदाराला नाही. नाव आहे फक्त डिस्डेमोनाला. निशाणबरदार तिच्यावर भाळलेला असतो. ती दाद देत नाही, तेव्हा तिचं मन दुसऱ्या अधिकाऱ्यावर जडलं असणार असं तो धरून चालतो आणि सूडाला पेटतो. रुमालही तो स्वतःच्या हाताने चोरतो. आपली तीन वर्षांची मुलगी तो डिस्डेमोनाच्या कडेवर देतो आणि ती लेकराला कवटाळते तेवढ्यात तिच्या कमरेचा रुमाल हळूच काढून घेतो. खून मूर आणि निशाणबरदार मिळून करतात. वाळू भरलेल्या मोज्याने तिला मारतात आणि अपघात वाटावा म्हणून वरचं छत पाडतात. मूर पश्चात्तापाने तिथल्या तिथे मरत वगैरे नाही. छळ सोसूनही तो गुन्हा नाकबूल करतो, हद्दपार होतो आणि पुढे तिच्या नातेवाइकांच्या हातून मरतो.

शेक्सपिअरने यातलं काय काढलं ते पाहण्यासारखं आहे. इयागोचं ते एकतर्फी प्रेम त्याने उचललं आणि रॉडरिगो नावाच्या नव्या, पैसेवाल्या बावळटाच्या गळ्यात बांधलं. लहान मुलगी गेली. चोरीचं काम इयागोच्या बायकोकडे आलं, तेही चोरी म्हणून नव्हे. पडलेला रुमाल एमिलिया उचलते आणि नवरा कधीपासून मागतोय म्हणून त्याला देऊन टाकते. त्यामुळे विश्वासघात एका घरात न राहता दोन संसारांत शिरला. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. नाटकातली माणसं ज्याच्या रक्षणाला जातात ते सायप्रस बेट १५७१ सालीच तुर्कांनी जिंकलं होतं, हे प्रेक्षकांपैकी जाणत्यांना माहीत असणार. नाटकात मात्र तुर्की आरमार वादळात बुडतं आणि दुसऱ्या अंकातच युद्ध संपतं. लढायला आलेल्या माणसांना आता लढाईच उरत नाही. माझ्या मते या गोष्टीकडे समीक्षेने फार उशिरा लक्ष दिलं.

प्रेम काढल्यावर इयागोकडे काय उरलं? हेतू नाही असं नाही, उलट ढिगाने आहेत. लेफ्टनंटची जागा आपल्याला डावलून कॅसिओला दिली, आणि कॅसिओ म्हणजे कधी रणांगण न पाहिलेला पुस्तकी हिशेबी माणूस, ही पहिली तक्रार. मग एका स्वगतात तो म्हणतो की ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी संबंध असल्याची कुजबुज आहे. खरं-खोटं माहीत नाही, पण खरं धरूनच वागणार. पुढच्या स्वगतात तोच संशय कॅसिओवरही जातो, आणि डेस्डेमोना आपल्यालाही हवीशी वाटते असं तो ओघात सांगून टाकतो. पाचव्या अंकात आणखी एक कारण निघतं: कॅसिओच्या जगण्यात असं काही देखणेपण आहे की त्यापुढे आपण कुरूप दिसतो. शेवटी पकडला गेल्यावर मात्र, मला काही विचारू नका, यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असं सांगून तो गप्प होतो. ऑथेल्लोपेक्षाही जास्त ओळी ज्याच्या वाट्याला आल्या, तो नेमक्या प्रश्नाला तोंड मिटतो.

सतराव्या शतकाला याचं फारसं काही वाटलं नाही. तेव्हाचा राग रुमालावर होता. १६९३ साली एका इंग्रज समीक्षकाने एवढ्याशा कापडावरून एवढा अनर्थ म्हणून नाटकाची यथेच्छ टिंगल केली. याला रुमालाची शोकांतिका का म्हणत नाहीत, असं विचारलं आणि बायकांनी आपले कपडे नीट सांभाळावेत हेच यातून शिकायचं का, असा टोमणा मारला. फ्रान्समध्ये १७९२च्या रूपांतरात रुमालाच्या जागी हिऱ्यांचा शिरपेच आला, सोबत गोड शेवटाची एक पर्यायी आवृत्तीही. १८२९ साली पॅरिसच्या सरकारी रंगमंचावर रुमाल परत आला तेव्हा असली घरगुती वस्तू शोकांतिकेत उच्चारली जाते म्हणून सभ्य मंडळी खवळली. टिंगल करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. हा रुमाल आईला एका जादूगारणीने दिला असं ऑथेल्लो तिसऱ्या अंकात सांगतो, आणि पाचव्या अंकात तोच वडिलांनी आईला दिलेला ठरतो. यातलं खरं कोणतं, हे नाटक सांगत नाही.

हेतूचा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. व्याख्यानांच्या तयारीत एका इंग्रज कवीने आपल्या प्रतीच्या समासात टीप लिहिली की इयागोचा दुष्टपणा निर्हेतुक आहे आणि स्वगतांत तो हेतूंची निव्वळ शिकार करत फिरतो. ही समासातली ओळ पुढे समीक्षेच्या डोक्यावर बसली ती कायमची. ती पटत नाही त्यांचीही सुटका नाही. खंडन करायचं तरी सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

त्याच शतकाच्या मध्यावर एका स्कॉटिश प्राध्यापकाने दुसरी अडचण पुढे आणली. मंडळी सायप्रसला उतरतात, त्याच रात्री कॅसिओ दारू पिऊन नोकरी घालवतो, दुसऱ्या दिवशी इयागो विष कालवतो आणि त्याच रात्री डेस्डेमोना मरते. प्रवासात कॅसिओ आणि ती वेगवेगळ्या जहाजांवर होते. मग व्यभिचार घडायला वेळ होता कुठे? उलट कॅसिओची मैत्रीण बियांका म्हणते की तो आठवडाभर फिरकला नाही. नाटकात दोन काळ एकदम चालतात, एक झपाट्याचा आणि एक संथ, असं उत्तर त्या प्राध्यापकाने दिलं आणि ते शाळा-कॉलेजांत रूढ झालं. मला ते उत्तर जरा पुस्तकी वाटतं. नाट्यगृहात बसलेला माणूस दिवस मोजत नाही, आणि ऑथेल्लोही मोजत नाही; मत्सराला तारीख-वार विचारायचं भान असतं तर तिसऱ्या अंकातच सगळं निवळलं असतं.

रंगमंचाने रिकामी जागा आपापल्या परीने भरली. १८८१ साली लंडनमध्ये दोन मोठ्या नटांनी ऑथेल्लो आणि इयागो या भूमिका आलटून पालटून केल्या. ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानमध्ये आलेल्या, इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरात तर इयागोला चक्क आपला धर्म गाऊन सांगायला लावलं: मी एका क्रूर देवाला मानतो, त्याने मला त्याच्यासारखंच घडवलं, आणि मरणानंतर काही नाही. संगीत म्हणून थोर. पण शेक्सपिअरने मिटलेलं तोंड इथे जबरदस्तीने उघडलंय. १९३८ साली लंडनच्या एका प्रयोगात मनोविश्लेषकाचा सल्ला घेऊन इयागोचं ऑथेल्लोवरच सुप्त प्रेम आहे असं ठरलं, आणि गंमत म्हणजे ऑथेल्लो करणाऱ्या नटाला ते सांगितलंच नाही. प्रेक्षकांनाही पत्ता लागला नाही. त्या आधीच्याच वर्षी एका समीक्षकाने बोट ऑथेल्लोकडे वळवलं होतं: इयागो इतका सहज जिंकतो कारण ऑथेल्लो आधीच तयार आहे, स्वतःच्या थोरपणावर भाळलेला आहे. तोवर 'उदात्त पण फसवला गेलेला' हीच प्रतिमा चालत आली होती, तिला तडा गेला.

ऑथेल्लो कुणी करायचा, हा दुसरा इतिहास याच्याशीच गुंतलेला आहे. २५ मार्च १८३३ रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात गोरा इंग्रज नट एडमंड कीन ऑथेल्लो करताना मंचावरच, इयागो झालेल्या स्वतःच्या मुलाच्या अंगावर कोसळला. त्याच्या जागी एप्रिलमध्ये आयरा ऑल्ड्रिज हा अमेरिकेत जन्मलेला कृष्णवर्णीय नट उभा राहिला. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली, दोन प्रयोगांत तिथला कारभार आटोपला आणि त्याने पुढे युरोपभर दौरे करून नाव कमावलं. १८६७ साली तो पोलंडमध्ये दौऱ्यावर असतानाच गेला. त्याच साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हे नाटक मराठीत आणलं, आणि १८९० साली देवलांचा 'झुंजारराव' आला. तिथे डेस्डेमोनाची कमळजा झाली आणि गणपतराव जोशींच्या अभिनयाने ते नाटक गाजलं. मराठी प्रेक्षकाने वर्णाचा प्रश्न बाजूला ठेवून संशयी नवऱ्याची गोष्ट म्हणूनच ते पाहिलं असावं.

न्यूयॉर्कमध्ये १९४३ साली पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नटाचा ऑथेल्लो २९६ प्रयोग चालला. तरी १९६४ साली लंडनमध्ये एक गोरा नट अंगभर काळा रंग फासून उभा राहिला, आणि तो नट म्हणजे १९३८चा तोच इयागो. १९८७ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये कृष्णवर्णीय नट जॉन कानीने गोऱ्या डेस्डेमोनाला मिठीत घेतलं, तेव्हा तिथला भिन्नवर्णीय संबंधांवरचा कायदा रद्द होऊन दोनच वर्षं झाली होती. असा प्रयोग पाहणाऱ्याला इयागोचा हेतू शोधावा लागत नाही. तो बाहेर रस्त्यावर दिसत होता. २०१३ सालच्या लंडनमधल्या एका प्रयोगाने सारं आधुनिक लष्करी छावणीत नेलं. पत्र्याच्या खोल्या, बिअरचे डबे, हाताला काम नसलेले सैनिक. तिथे डावललेल्या बढतीचा राग पहिल्यांदाच पुरेसा वाटला, आणि इतक्या स्पष्टीकरणांत मला तरी हेच सगळ्यात पटतं. दोन वर्षांनी शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, इयागोही कृष्णवर्णीय झाला आणि वर्णद्वेषाचं सोपं उत्तर तिथल्या तिथे बाद झालं.

एमिलियाबद्दल मात्र अजून कमीच बोललं जातं. या नाटकाच्या १६२२च्या छापील प्रतीपेक्षा शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहातली संहिता सुमारे १६० ओळींनी मोठी आहे, आणि नवऱ्यांच्या बाहेरख्यालीपणाचा हिशेब मांडणारं तिचं भाषण फक्त त्या मोठ्या संहितेत सापडतं. शेवटच्या प्रवेशात सगळं उघड होताना, मला तेव्हाच शंका आली होती, असं ती बोलून जाते. तेव्हा म्हणजे कधी? रुमाल देताना तिला किती कळलं होतं, याचा निर्णय प्रत्येक नटीला तालमीत स्वतःच घ्यावा लागतो.