आउटबॅकमधला नदीकाठचा मोफत मुक्काम

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात, म्हणजे आउटबॅकमध्ये, नदी-ओढ्याच्या काठी भाडे न देता आणि आधी जागा न राखता तंबूत, गाडीत किंवा कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहण्याची रीत. तिकडे तिला ‘फ्री कॅम्प’ म्हणतात. अशा जागी बहुधा मोकळे मैदान, चाकोऱ्या, कुणीतरी मांडून गेलेले चुलीचे दगड आणि काठावरची झाडे एवढेच असते. कुठे नगरपरिषदेने बांधलेला संडास असतो, कुठे तोही नसतो. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नाही.

मुक्कामाचा हंगाम साधारण मे ते ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि माश्या बसू देत नाहीत. हिवाळ्यात येणाऱ्यांत निवृत्त जोडप्यांचा भरणा मोठा असतो. घर बंद करून महिनोन्‌महिने कॅराव्हॅन घेऊन फिरणाऱ्या या मंडळींना ‘ग्रे नोमॅड्स’ असे नाव पडले आहे.

इथल्या नदीची कल्पना आपल्या नद्यांवरून करता येत नाही. क्वीन्सलंड राज्यातील कूपर क्रीक हे याचे ठळक उदाहरण. थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या विंडोरा गावाच्या वरच्या अंगाला एकत्र येतात आणि त्यांचा मिळून ‘क्रीक’, म्हणजे ओढा होतो. दोन नद्या मिळून ओढा झालेला इथेच पाहा, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. हे नाव १८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट या संशोधक प्रवाशाने दिले. त्याला पात्रात वाहते पाणी दिसले नाही, म्हणून त्याने नदी न म्हणता क्रीक म्हटले. हा ओढा बार्कूसह सुमारे १,३०० किलोमीटर लांब आहे. आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर आहे. कूपरचे पाणलोट क्षेत्र तर जवळपास महाराष्ट्राएवढे भरते. तरीही वर्षातले बरेच महिने त्यात सलग धार नसते, एकामागून एक डोह तेवढे उरतात. मुक्काम पडतात ते या डोहांच्या काठी.

विंडोरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, क्विल्पी गावाच्या रस्त्याला लागून, कूपरच्या काठी असा तळ आहे. पाणी दुधाळ तपकिरी, चहात दूध जास्त पडावे तसे. मातीचे कण इतके बारीक की ते दिवसचे दिवस तरंगत राहतात. म्हणून प्यायचे पाणी बरोबरच न्यावे लागते. डोहाचे पाणी भांडी आणि अंघोळीपुरते. त्या गढूळ पाण्यात यलोबेली हा मासा चांगला मिळतो. दिवस मावळायला लागला की कॉरेला जातीच्या पांढऱ्या काकाकुव्यांचे थवे झाडांवर उतरतात. तासभर एवढा कालवा चालतो की शेजारी बसलेल्याशी मोठ्याने बोलावे लागते. अंधार पडताच सगळे एकदम गप्प होतात. मग तारेच्या कडीच्या डब्यातला, ‘बिली’तला, चहा उकळण्याचा आवाजही ऐकू येतो.

काठावरची झाडे प्रामुख्याने रिव्हर रेड गम आणि कुलिबा. रेड गमची सावली मोहात पाडते, पण त्याखाली तंबू ठोकू नये, हे पहिले शिकवले जाते. हे झाड वारा नसतानाही, विशेषतः उन्हाच्या तडाख्यात, अख्खी फांदी अचानक सोडून देते. अनुभवी माणूस गाडी लावण्याआधी वर पाहतो.

दुसरा धोका पाण्याचा. स्वच्छ निळ्या आकाशाखाली पूर येतो, कारण पाऊस शेकडो किलोमीटर वर पडून गेलेला असतो. जमीन इतकी सपाट की पाणी पसरत, वाटा फोडत, कित्येक दिवसांनी खाली पोहोचते. या भागाला ‘चॅनल कंट्री’ म्हणतात ते याच असंख्य वाटांमुळे. २०२५ च्या मार्चअखेरीस आलेल्या महापुरात इथल्या पशुपालकांची असंख्य जनावरे गेली. काळ्या मातीच्या रानात तर थोड्या पावसानेही चाक चिखलात रुतते आणि रस्ता बंदचा फलक लागतो. तो ओलांडून गाडी घालणाऱ्याला दंड होतो.

‘मोफत’ म्हणजे कुठेही, असे मात्र नाही. आउटबॅकमधली बरीच जमीन सरकारी मालकीची, पण गुरांसाठी दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेली असते. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात १९८९ च्या कायद्यानुसार अशा जमिनीवर घर किंवा गोठ्यापासून एक किलोमीटरच्या आत आणि गुरांसाठी बांधलेल्या पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत मुक्काम करता येत नाही. हा नियम मला या साऱ्या विषयातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. माणसे, दिवे, कुत्री दिसली की बुजरी गुरे पाण्यावर येत नाहीत. ती लांब उभी राहतात, आणि त्या उन्हात एक दिवसाची तहानही वासराच्या जिवावर बेतू शकते. तंबूतल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

या डोहांना त्यांची आधीची माणसेही आहेत. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे दोघे गोरे संशोधक प्रवासी याच कूपरकाठी उपासमारीने मेले. त्यांचा तिसरा सोबती जॉन किंग वाचला, कारण इथल्या मूलनिवासी यांड्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात ठेवून घेतले. गोऱ्यांना जिथे मरण आले, तिथेच ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि नार्डू या पाणवनस्पतीच्या बीजकोषांचे पीठ खाऊन राहत होते. नद्यांकाठच्या काही जुन्या झाडांच्या खोडावर होडीसाठी साल काढल्याचे लांबट व्रण आजही दिसतात. अशा झाडाला खिळा मारणे किंवा त्याच्या बुंध्याशी चूल मांडणे हा मूलनिवासींच्या वारशावरचा घाव आहे.

छोट्या गावांना हे पाहुणे हवे असतात. रात्रीचे भाडे मिळाले नाही तरी डिझेल, पाव, मटण आणि पबमधले जेवण गावातच घेतले जाते. म्हणून अनेक नगरपरिषदा स्वतःच काठावरची जागा मोकळी ठेवतात आणि गावात कॅराव्हॅनची संडास-टाकी रिकामी करण्याची सोय करतात. भाडे घेणाऱ्या कॅराव्हॅन पार्कच्या मालकांची यावर तक्रार असते, आणि तीही खोटी नाही. जागा बंद पडतात त्या मात्र बहुधा घाणीमुळे. झुडपामागे उडणारा कागद एका हंगामात चांगला काठ नासवतो. शौचासाठी पाण्यापासून किमान शंभर मीटर दूर जाऊन खड्डा खणावा, कागद पुरू नये, बरोबर न्यावा.

शेकोटीला वणव्याच्या दिवसांत पूर्ण बंदी असते. एरवी ती विझवायची ती पाण्याने. वाळू लोटली तर निखारे आत तासन्‌तास धगधगत राहतात, वरून राख थंड दिसते, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय त्यात पडतो. म्हणून बादलीभर पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे, आणि वर धरलेल्या हाताला ऊब लागेनाशी झाली की मगच गाडी सुरू करायची.