टस्कनीचं चामडं: टॅनिनला घाई चालत नाही

हिरड्याचा तुकडा चघळला की तोंड कोरडं पडतं, जीभ आखडल्यासारखी वाटते. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून हा तुरटपणा. इटलीच्या टस्कनी प्रांतात कातडी कमावतात ती याच क्रियेच्या जोरावर. फक्त तिथे टॅनिन येतं ते चेस्टनटच्या लाकडातून, मिमोसाच्या सालीतून आणि दक्षिण अमेरिकेतल्या केब्राचो वृक्षातून.

कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. त्याच्या तीन-तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि अशा असंख्य तंतूंच्या विणीतून कातडं बनतं. ते ओलं राहिलं तर कुजतं, नुसतं वाळवलं तर कडक होतं. टॅनिनचे रेणू या तंतूंमध्ये शिरून पाण्याची जागा घेतात आणि हायड्रोजन बंधांनी तंतू धरून ठेवतात. मग जिवाणूंना कातडं सहजासहजी पचत नाही.

खरं कसब आहे ते टॅनिनला कातड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचवण्यात. सुरुवातीलाच दाट अर्कात कातडं बुडवलं तर वरचा थर लगेच आवळतो, तंतूंमधल्या वाटा बंद होतात आणि आतला भाग कच्चाच राहतो. म्हणून आधी पातळ, मग थोडा दाट, मग आणखी दाट अशा अर्कांतून कातडं पुढे न्यावं लागतं. पूर्वी हौदांत ओकची साल घालून बुटांच्या तळव्यांचं जाड कातडं कमावायला वर्षसुद्धा लागे. आता लाकडाच्या मोठ्या फिरत्या पिंपांमुळे काम काही आठवड्यांवर आलं आहे. शेवटी चरबी आणि तेलं मुरवतात, त्यातून लवचिकपणा येतो. मला या चामड्याचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते त्याच्या वयानुसार खुलण्याचं. उजेड, हवा आणि हाताचा तेलकटपणा यांनी टॅनिनचा रंग गडद होत जातो आणि पाच वर्षं वापरलेली पिशवी नव्यापेक्षा देखणी दिसते.

हा धंदा पिसा आणि फ्लॉरेन्स यांच्या मधल्या पट्ट्यात, सांता क्रोचे सुल्लार्नो आणि पोंते आ एगोला या गावांभोवती एकवटला आहे. आर्नो नदीचं पाणी जवळ, आणि पिंपं बनवणाऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे शेजारी. कातडी मात्र बहुतेक बाहेरून, फ्रान्ससारख्या युरोपीय देशांतून येतात. ती मांस उद्योगातून उरलेली असतात. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावणाऱ्या इथल्या कारखान्यांनी १९९४ साली आपला संघ काढला. त्यांच्या चामड्याच्या वस्तूला क्रमांक घातलेलं हमीपत्र मिळतं.

जगातलं बहुतेक चामडं मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. काम दिवसाभरात उरकतं आणि चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. वनस्पतीजन्य चामडं ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच आकसतं. बुटाच्या वरच्या भागाला, गाडीच्या सीटला क्रोमच सोयीचं. पण सगळं इटालियन चामडं झाडाच्या टॅनिनने कमावलेलं समजणं चूक ठरेल. खुद्द इटलीतही, विशेषतः व्हेनेतो प्रांतातल्या आर्झिन्यानोत, क्रोमचं काम प्रचंड चालतं. आणि झाडाच्या टॅनिनचं सांडपाणीही निरुपद्रवी नसतं. ते गडद असतं, त्यातले सेंद्रिय पदार्थ नदीतला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून सांता क्रोचेला सामाईक शुद्धीकरण केंद्र उभारावं लागलं.

हे ज्ञान आपल्याकडेही आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचा अर्क भरून ती टांगून ठेवत. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन मंचावर तिच्यासारख्या चपला आणल्यावर कारागिरांचं श्रेय कुठे गेलं, हा प्रश्न रास्तपणे विचारला गेला.

खरेदी करताना पट्ट्याची कापलेली, न रंगवलेली कड बघा. वनस्पतीजन्य चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमच्या कडेला बहुधा निळसर-करडी छटा दिसते. ‘मेड इन इटली’ हा शिक्का वस्तू कुठे तयार झाली ते सांगतो. कातडं कुठे आणि कशाने कमावलं, हे दुकानदाराला वेगळं विचारावं लागतं.