नंबर लपवणं वेगळं आणि दुसऱ्याचा नंबर दाखवणं वेगळं

ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "प्रायव्हेट नंबरवरून कॉल आला, म्हणजे स्पूफिंग झालं ना?" नाही हो. स्पूफिंग म्हणजे कॉल करताना स्वतःच्या जागी दुसऱ्याचा नंबर दाखवणं. दोन्हीत खरा नंबर दिसत नाही, साम्य तेवढंच.

नंबर लपवला की स्क्रीनवर 'प्रायव्हेट नंबर' येतं. नेटवर्ककडे नंबर असतोच, फक्त 'पुढच्याला दाखवू नका' अशी खूण कॉलसोबत जाते. म्हणजे पोलिसांनी मागितला तर कंपनीकडे सापडतो, आणि ज्याला कॉल आलाय त्यालाही कळतं की समोरच्याने ओळख दिलेली नाही, उचलायचं की नाही ते त्याचं तो बघेल. अमेरिकेत नंबराआधी स्टार ६७ दाबून कुणीही असा कॉल करतं, त्यात बेकायदा काही नाही. आपल्याकडे ही सोय सामान्य ग्राहकाला सहज मिळत नाही.

स्पूफिंगमध्ये मात्र नंबर दिसतो, अगदी व्यवस्थित दिसतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो. हे जमतं कसं, तर कॉल जिथून सुटतो तिथूनच नंबरची माहिती सोबत पाठवली जाते आणि पुढची नेटवर्कं ती वर्षानुवर्षं निमूटपणे खरी मानत आली, त्यामुळे इंटरनेटवरून कॉल सोडणाऱ्याने त्या जागी हवा तो नंबर भरला की काम झालं. तुमचा फोन बिचारा नंबर बघून सेव्ह केलेलं नाव दाखवतो, म्हणून 'दादा' असं येऊ शकतं आणि बोलणारा भलताच असतो. ट्रूकॉलरचंही तेच, नंबरासमोर बँकेचं नाव असेल तर तो बँकच दाखवणार. निनावी पत्र आणि दुसऱ्याची सही ठोकलेलं पत्र, एवढा फरक आहे.

(टॅक्सी ॲपवरून ड्रायव्हरचा कॉल भलत्याच नंबरवरून येतो ते यात धरू नका. तो नंबर कंपनीने रीतसर घेतलेला असतो, कुणाचा चोरलेला नाही.)

कायद्याचं बघायचं तर अमेरिकेत सगळं हेतूवर आहे. तिथे डिसेंबर २०१० मध्ये आलेला कायदा म्हणतो की फसवण्यासाठी, नुकसान करण्यासाठी किंवा काही लुबाडण्यासाठी खोटा नंबर दाखवला तर गुन्हा. डॉक्टरने स्वतःच्या मोबाईलवरून पेशंटला कॉल करताना दवाखान्याचा नंबर दाखवला तर चालतं. आपल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात कलम ४२ खाली टेलिकॉम ओळखीशी (म्हणजे फोन नंबर वगैरेशी) छेडछाड हाच गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे 'अरे मी फक्त मित्राची गंमत केली' हे इथे उपयोगाचं नाही. वर पैसे उकळले तर आयटी कायद्याचं ६६ ड आणि तोतयेगिरीची कलमं आहेतच.

मला विचाराल तर आपला कडक नियम बरोबर आहे, कारण गंमतीतही एक तिसरा माणूस भरडला जातो आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं. ज्याचा नंबर वापरला त्याला दिवसभर शिव्यांचे फोन येतात, कधी त्याच्याच नावाने तक्रार जाते, आणि त्या बापड्याने फोन हातातही घेतलेला नसतो. नंबर लपवण्यात असा तिसरा कुणी ओढला जात नाही. धमक्या द्यायला लपवला तर तो गुन्हाच, पण गुन्हा धमकीचा.

परदेशातून सोडलेले पण +९१ दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केली. पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले, म्हणजे भारतीय नंबर दाखवत बाहेरून आलेल्या कॉलपैकी जवळपास ९० टक्के! मग ठगांनी सरळ परदेशी नंबरवरूनच कॉल करायला सुरुवात केली, ते पकडणं निदान डोळ्यांना तरी सोपं.

ओळखीच्या नंबरवरून कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर कॉल कट करा आणि तोच नंबर स्वतः डायल करा. स्पूफिंग फक्त येणाऱ्या कॉलवर चालतं, तुम्ही लावलेला कॉल खऱ्या मालकाकडेच जातो, आणि तो "मी कुठे फोन केला?" म्हणाला की झालं, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' ही संशयास्पद कॉल कळवायची सोय आहे, तिथे तक्रार टाका. पैसे गेले असतील तर मात्र आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.