कर्तन पट्ट्यांतील द्रायू

पर्वतनिर्मितीच्या काळात खडकांचे प्रचंड थर एकमेकांवरून सरकतात, तेव्हा बरीचशी हालचाल काही सेंटिमीटर ते काही किलोमीटर जाडीच्या पट्ट्यांत एकवटते. अशा पट्ट्यांना कर्तन पट्टे म्हणतात. त्यांत वावरणारे द्रायू, म्हणजे मुख्यतः पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड आणि विरघळलेले क्षार, हे खडकांच्या छिद्रांतून, जलयुक्त खनिजांच्या विघटनातून किंवा खाली दडपल्या गेलेल्या गाळाच्या खडकांतून येतात. खडक तुटेल की न तुटता हळूहळू आकार बदलत वाहील, हे तापमानाबरोबरच या द्रायूंवरही ठरते.

द्रायूंचा यांत्रिक परिणाम १९५९ मध्ये एम. किंग हबर्ट आणि विल्यम रूबी यांनी मांडला. छिद्रांतील द्रायूचा दाब वरच्या खडकांच्या भाराच्या जवळ पोहोचला, की विभंगतलावर, म्हणजे ज्या तुटीच्या पृष्ठावरून खडक सरकतात तिथे, प्रत्यक्ष पडणारा दाब घटतो, घर्षण कमी होते आणि एरवी हलवता येणार नाही असा रुंद खडकपट अल्प बलाने सरकू शकतो. या मांडणीत खडकांच्या संसक्तीकडे (कणांना एकत्र धरून ठेवणाऱ्या बळाकडे) दुर्लक्ष झाल्याचा आक्षेप केनेथ श्यू यांनी १९६९ मध्ये घेतला. तो ग्राह्य असला तरी द्रायुदाबाची मूळ कल्पना त्याने बाद होत नाही. रासायनिक परिणाम अधिक गुंतागुंतीचे आहेत. अल्प पाणी असलेले कृत्रिम क्वॉर्ट्झचे स्फटिक कोरड्या स्फटिकांपेक्षा कितीतरी सहज विरूप होतात, असे डेव्हिड ग्रिग्ज व जे. डी. ब्लॅसिक यांना १९६५ मध्ये आढळले. याखेरीज पाण्यामुळे फेल्स्पार या कठीण खनिजाचे मऊ अभ्रकात रूपांतर होते, आणि दाबाखालील कणांच्या कडा विरघळून तो पदार्थ कमी दाबाच्या जागी साचतो.

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस थ्रस्टवर (थ्रस्ट म्हणजे जिच्यावरून एक खडकपट दुसऱ्यावर चढून सरकतो अशी तूट) हे सारे प्रश्न एकत्र आढळतात. तेथे पर्मियन काळातील व्हेरुकानो हे खडक त्यांच्याहून बरेच तरुण असलेल्या फ्लिश या सागरी गाळाच्या खडकांवर बसलेले आहेत. हा उलटा क्रम आर्नोल्ड एशर यांनी प्रथम ओळखला, पण पुढे त्यांनी त्याचा अर्थ समोरासमोरच्या दोन वळ्या (खडकथरांच्या घड्या) असा लावला, आणि त्यांचे शिष्य आल्बर्ट हाइम यांनी तो मोठ्या निष्ठेने जपला. रॉडरिक मर्चिसन यांनी १८४८ मध्ये हे स्थळ पाहून एकाच महासरकणीकडे कौल दिला होता. १८८४ मध्ये मार्सेल बर्ट्रांड यांनी, तेही स्वतः ग्लारुसला न जाता, हाइम यांच्याच वर्णनांवरून तोच निष्कर्ष काढला. तो सर्वमान्य होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

दोन्ही खडकांमध्ये साधारण एक-दोन मीटर जाडीचा लोखझाइटन चुनखडक आहे. श्वांडेनजवळच्या दरडीत तो जवळून पाहता येतो : फिकट करड्या, मळलेल्या कणकेसारख्या वळलेल्या पट्ट्या, आणि त्यांना आडवी छेदणारी, सुरीने कापल्यासारखी सरळ काळसर रेघ. पट्ट्या खडक वाहिल्याची, तर रेघ नंतरच्या भंगुर सरकणीची साक्ष देते. एवढ्या पातळ थरावरून कित्येक किलोमीटर जाडीचा खडकपट किमान तीस-पस्तीस किलोमीटर कसा सरकला? श्यू व नंतर श्टेफान श्मिट (१९७५) यांनी सूक्ष्मकणी कॅल्साइटच्या (चुनखडकातील मुख्य खनिजाच्या) प्रवाहावर भर दिला. मार्टिन बुर्कहार्ड व इतरांच्या ऑक्सिजन समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या ऑक्सिजन अणूंच्या) अभ्यासावरून मात्र थरातून द्रायूंची मोठी ये-जा झाली असावी असे दिसते. वाढत्या द्रायुदाबाने तडे पडणे, त्यांत कॅल्साइट भरणे आणि त्या नव्या कॅल्साइटने पुन्हा वाहणे, असे चक्र पुनःपुन्हा घडले असावे. प्रस्तुत नोंदीत या मताला अधिक वजन दिले आहे, कारण वळलेल्या शिरा (कॅल्साइटने भरलेले तडे) आणि त्यांना छेदणाऱ्या ताज्या शिरा एकाच नमुन्यात आढळतात.

हिमालयातील मुख्य मध्यवर्ती थ्रस्टच्या परिसरात यमुनोत्री, तपोवन यांसारखे उष्ण झरे आहेत. ते आजही खोलवर द्रायूंचे अभिसरण चालू असल्याचे दर्शवतात. नेपाळमध्ये मध्य भूकवचात आढळलेल्या उच्च विद्युतवाहकतेचा संबंध खाली गेलेल्या गाळांतून सुटणाऱ्या पाण्याशी जोडला जातो.