लवकर मिळणारी परवानगी आणि हक्काची परवानगी

छोट्या शहरात घरे कमी पडू लागली की पहिली मागणी ठरलेली असते: बांधकाम परवानग्या लवकर द्या. मग अर्ज ऑनलाइन होतात, एक खिडकी सुरू होते, अमुक दिवसांत फाइल निकाली काढायचा ठराव होतो. हे करायलाच हवे. पण या धावपळीत दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात, आणि छोट्या शहराला जिचा जास्त उपयोग आहे तीच नेमकी मागे पडते.

जलद परवानगीत निर्णय अधिकाऱ्याच्या किंवा समितीच्या हातातच राहतो. तो फक्त लवकर घ्यायचा असतो. हक्काच्या परवानगीत निर्णय आधीच झालेला असतो. उंची किती, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती, एका भूखंडावर किती घरे चालतील, हे सगळे नियमात आकड्यांनी लिहिलेले असते. आराखडा त्यात बसला की परवानगी द्यावीच लागते. अधिकारी तपासतो, ठरवत नाही.

बाहेरून पाहिले तर दोन्हीत फरक दिसणार नाही. दोन्हीकडे महिन्याभरात कागद हाती पडू शकतो. खरा फरक पडतो तो अर्ज करण्याच्या कितीतरी आधी, जागा घेताना. चार-सहा घरे बांधणारा छोटा व्यावसायिक कर्ज काढून जागा घेतो. तिथे किती घरे होतील हे समितीच्या बैठकीनंतरच कळणार असेल, तर तो एक तर जागा घेतच नाही, किंवा ‘नाही’ म्हटले जाण्याचा धोका धरून घरांच्या किमती वाढवतो. बैठक तिसाव्या दिवशी झाली काय आणि नव्वदाव्या दिवशी झाली काय, हा धोका तसाच राहतो. मोठी कंपनी वकील लावून वाट पाहू शकते. छोटी शहरे ज्यांच्या जोरावर वाढतात ते छोटे बांधकाम करणारे असे थांबू शकत नाहीत.

इंग्लंडमध्ये हे नीट दिसते. 1947 च्या नगरनियोजन कायद्यापासून तिथे बहुतेक नव्या बांधकामांचा निर्णय प्रकरणागणिक होतो. निर्णयाला मुदतही आहे: लहान प्रकल्पांना 8 आठवडे, मोठ्यांना 13. पण अर्जदाराशी बोलून मुदत वाढवून घेता येते, आणि वाढीव मुदतीत दिलेला निर्णय वेळेत दिला असेच धरले जाते. अर्जदार तरी नाही कसे म्हणणार? निर्णय समोरच्याच हातात असतो. कॅलिफोर्नियाने 1977 मध्ये परवानग्यांसाठी मुदतीचा कायदा केला. तिथे घड्याळ सुरू होते ते अर्ज ‘पूर्ण’ मानला गेल्यावर, त्यामुळे अर्ज पूर्ण आहे का, यावरच वाद होऊ लागले. अखेर 2017 मध्ये त्या राज्याने दुसरी वाट धरली: घरबांधणीचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या शहरांत, ठरावीक अटी पाळणाऱ्या, अनेक कुटुंबांसाठी घरे बांधणाऱ्या प्रकल्पांना हक्काची परवानगी.

मानीव परवानगी जलद आणि हक्काच्या परवानगीच्या मध्ये कुठेतरी बसते. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. ऐकायला छान आहे, पण सही नसलेल्या परवानगीवर कर्ज देताना बँक बिचकते, आणि कार्यालय शेवटच्या दिवशी एखादे त्रुटीपत्र काढून मोकळे होते.

जपानची पद्धत हक्काच्या बाजूची आहे. भूवापराचे विभाग देशभर एकाच साच्यातले, आणि इमारत नियमांत बसते की नाही याची ‘खातरजमा’ एवढेच साधारण इमारतीसाठी स्थानिक काम. 1999 पासून ही तपासणी मान्यताप्राप्त खासगी संस्थाही करतात. पण 2005 मध्ये तिथे भूकंपरोधक रचनेची खोटी गणिते जोडलेल्या इमारती उघडकीला आल्या. त्या तपासणीतून सुटल्या होत्या. 2007 मध्ये तपासणी कडक झाली, आणि त्या वर्षी नव्या घरांची कामे सुरू होण्याचे प्रमाण एकदम घसरले. माझ्या मते यातून घ्यायचे ते इतकेच: मर्जी काढून टाकायची, तपासणी नाही. पाया, आग, भूकंप, सांडपाणी यांची छाननी हक्काच्या परवानगीतही तितकीच कडक हवी.

मोठ्या महानगरापेक्षा छोट्या शहराला हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे नगररचनेचे काम दोन-तीन माणसांवर चालते. एक जण रजेवर गेला की टेबल थांबते. अशा कार्यालयाला मुदत घालून दिली तर माणसे तीच, काम तेच, फक्त ताण वाढतो. निर्णयांची संख्याच कमी केली तर वेळ खरोखर सुटतो. सुमारे एक लाख वस्तीच्या साउथ बेंड या अमेरिकी शहराने छोट्या घरापासून सहा घरांच्या इमारतीपर्यंतचे आराखडे आधीच तपासून तयार ठेवले आणि लोकांना मोफत दिले. रिकाम्या पडलेल्या भूखंडांवर पुन्हा घरे यावीत हा हेतू. तोच आराखडा दहा जणांनी वापरला तर इमारतीची छाननी एकदाच होते. पुढे फक्त ती त्या भूखंडावर कशी बसते ते पाहायचे.

मग शेजाऱ्यांनी बोलायचे कुठे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला टाळून चालणार नाही. हक्काच्या पद्धतीत हरकती-सूचना एकदाच आणि आधी होतात, विकास आराखडा व नियम ठरताना. प्रत्येक इमारतीगणिक सुनावणी ठेवली की तिथे कोण येते, हे बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बैठकांची इतिवृत्ते चाळून पाहिले: वयाने मोठे, जुने रहिवासी, स्वतःचे घर असलेले, आणि बहुतेक विरोधात बोलणारे. ज्यांना त्या नव्या घरात राहायला यायचे आहे ते अजून त्या गावात नसतातच. त्यांच्या वतीने बोलायला त्या खोलीत कुणी नसते, हे मला फार खटकते. पूररेषेतली जमीन, वारसा इमारती किंवा शेकडो घरांची वसाहत यांसाठी मात्र प्रकरणागणिक निर्णय ठेवावा. तिथे तो वेळ सार्थकी लागतो.

आपल्या शहराला कशाची गरज आहे हे ओळखायला सल्लागार नेमावा लागत नाही. मंजूर झालेल्या शेवटच्या तीस फायली काढाव्यात. प्रत्येकीवर तारखा मांडाव्यात: अर्ज, पहिले त्रुटीपत्र, मंजुरी, प्रत्यक्ष काम सुरू. नामंजूर झालेल्या आणि अर्जदाराने अर्ध्यात सोडलेल्या फायली वेगळ्या काढाव्यात, त्या बरेच बोलतात. वेळ टेबलाटेबलावर गेला असेल तर मुदत आणि ऑनलाइन अर्ज कामाचे. मंजुरीनंतर काम अडले असेल तर पाण्याची जोडणी आणि गटारे पाहावीत, ती दोन्ही पद्धतींच्या बाहेरची गोष्ट आहे. आणि वेळ नियमांतून शिथिलता (सूट) मागण्यात गेला असेल, तर कोणत्या नियमातून ती सर्वांत जास्त वेळा मागितली गेली आणि दिली गेली, ते मोजावे. अनेक शहरांत तो नियम इमारतीत ठरावीक वाहनतळ ठेवण्याच्या सक्तीचा निघाला. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये तो काढूनच टाकला. जी सवलत दर वेळी द्यावीच लागते, तिच्यासाठी लोकांना समितीपुढे उभे करण्यापेक्षा तो नियमच बदलावा.