बिनशिक्क्याच्या जुन्या बिडाच्या स्किलेटचा कारखाना शोधणं

स्किलेट म्हणजे लांब दांडीचा, थोडा खोलगट बिडाचा तवा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अमेरिकेत असे तवे प्रचंड प्रमाणात ओतले गेले आणि त्यातल्या बऱ्याच तव्यांवर कारखान्याचं नावच नाही, फार तर एक आकडा आणि एखादं अक्षर. असा तवा कुठल्या गावात, कुठल्या फाउंड्रीत ओतला गेला हे त्याच्या घडणीवरून आणि जुन्या कागदपत्रांवरून ठरवणं, हा तिथल्या जुन्या भांड्यांच्या संग्राहकांचा एक गंभीर अभ्यासविषय आहे.

नाव नसण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. बऱ्याच फाउंड्री मुळात लाकूड-कोळशाच्या शेगड्या बनवायच्या, तवे त्यासोबतचा माल. शिवाय हार्डवेअरचे व्यापारी आणि टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दुसऱ्याचं नाव नको असायचं, त्यांना एकतर कोरा माल हवा असायचा किंवा स्वतःचा शिक्का. मॉन्टगोमेरी वॉर्ड या अशाच टपाल-विक्री कंपनीसाठी 'वॉर्डवे' नावाचे तवे वॅगनर या कारखान्याने ओतले, तशाच सीअर्स कंपनीच्या 'प्युरिटन'मागे ग्रिसवोल्डसारखा बडा कारखाना होता. म्हणजे तव्यावर नाव दिसलं तरी ते ओतणाऱ्याचंच असेल याची खात्री नाही, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

ग्रिसवोल्ड (ईरी, पेनसिल्व्हेनिया, १८६५ पासून, तिथला कारखाना १९५७ ला बंद) आणि वॅगनर (सिडनी, ओहायो, १८९१ पासून) या दोघांबद्दल भरपूर माहिती मिळते. ग्रिसवोल्डचा ८ नंबरचा तवा असेल तर खाली सहसा ७०४ हा पॅटर्न नंबर (पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना) असतो, वॅगनरच्या ८ नंबरवर १०५८, इतकं सरळ. लॉज तर आजही चालू आहे, जोसेफ लॉजने १८९६ मध्ये टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गला ब्लॅकलॉक फाउंड्री काढली, ती १९१० मध्ये जळाली आणि मग लॉज नावाने परत उभी राहिली. खरं कुतूहल वाटतं ते बाकीच्यांचं, म्हणजे पिक्वाची फेव्हरिट, वापाकोनेटाची वापाक, शबॉयगनची व्होलराथ, बर्मिंगहॅम स्टोव्ह अँड रेंज, फ्लॉरेन्सची मार्टिन, आणि ज्यांचं नाव फक्त एखाद्या गावाच्या जुन्या डिरेक्टरीत उरलंय अशा कितीतरी.

सुरुवात तव्याच्या बुडापासून करायची. बुडावर मधोमध एक लांब, खडबडीत वण असेल तर तो गेटमार्क, साच्यात लोखंड बुडाच्या बाजूने चिरेतून ओतायचे आणि गार झाल्यावर ते टोक तोडायचे त्याची ती खूण. हे साधारण १८९० च्या आधीचं काम, आणि अशा तव्यांवर नाव जवळपास कधीच सापडत नाही. पुढे लोखंड कडेने ओतायला लागले, तो तुटका भाग घासून टाकता यायचा, त्यामुळे बूड साफ राहिलं आणि नाव टाकायला जागा झाली. बुडाला कडेने गोल उंचवटा असतो ती हीट रिंग, लाकडाच्या शेगडीच्या भोकावर तवा नीट बसावा म्हणून. तव्यावरचा ३, ५, ८ असा आकडासुद्धा इंचाचा नसतो, शेगडीच्या भोकाचा साइज असतो, ८ नंबरचा तवा वरून साधारण साडेदहा इंच भरतो. उलट खाली सरळ 'साडेदहा इंच स्किलेट' आणि 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असेल तर तो बहुधा १९६० नंतरचा आहे, कितीही काळाकुट्ट झालेला असू दे.

मग दांडी, दांडीच्या भोकाचा आकार, आकड्याचं वळण, तेल ओतायच्या चोचींची ठेवण, हे सगळं बघायचं. लॉजच्या जुन्या तव्यांच्या हीट रिंगला तीन ठिकाणी खाच असते. व्होलराथच्या बिननावाच्या तव्यावर आकडा आडवा आणि खाली रेघ मारलेला असतो. ग्रिसवोल्डनेच १९४० च्या दशकात 'आयर्न माउंटन' म्हणून ओळखली जाणारी बिननावाची मालिका काढली, त्यावर फक्त साइज आणि चार आकडी पॅटर्न नंबर. आकड्याशेजारचं सुटं अक्षर मात्र बऱ्याचदा साचा भरणाऱ्या कामगाराची किंवा पॅटर्नची खूण असते, त्यावरून कंपनीचं आद्याक्षर लावणं ही फार वाईट सवय आहे, खूप चुकीच्या नोंदी अशाच तयार झाल्यात.

वापाकचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. वापाकोनेटा हे ओहायोतलं छोटं गाव (नील आर्मस्ट्राँगचं गाव म्हणून लोकांना माहीत असतं), तिथे १९०३ ते १९२६ वापाक हॉलो वेअर कंपनी चालली. त्यांच्या काही तव्यांवर वापाकच्या शिक्क्याबरोबर अंधुकसं 'ईरी' दिसतं, म्हणजे ग्रिसवोल्डची जुनी खूण! झालं असं की नवा पॅटर्न बनवणं खर्चिक काम, त्यापेक्षा बाजारातला चांगला तवा घ्यायचा, त्याची अक्षरं बुजवायची आणि तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचा, पण बुजवणं पूर्ण जमलं नाही की जुन्या अक्षरांची सावली नव्या तव्यात उतरते. याला घोस्ट मार्क म्हणतात. आणि यात एक मोजता येणारा पुरावाही असतो, बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करतात (कोल्हापूरच्या पॅटर्नवाल्यांना हे सांगायची गरजच नाही, त्यांचं रोजचं गणित आहे), पण तयार तव्यावरून तवा ओतला तर तो मूळापेक्षा तेवढाच लहान निघतो, साडेदहा इंचाला जवळपास पावणेतीन मिलिमीटर. आजच्या नकली ग्रिसवोल्डही याच फरकाने पकडता येतात, शिवाय त्यांची अक्षरं बोथट असतात आणि पृष्ठभाग रवाळ लागतो.

घडणीवरून अंदाज येतो, पुरावा कागदातून येतो. सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून आगविम्यासाठी अमेरिकन गावांचे बारीक नकाशे काढले, त्यात फाउंड्रीची इमारत, ओतकामाची शेड, घासायची खोली वेगवेगळी दाखवलेली असते आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने यातले पुष्कळ नकाशे ऑनलाइन ठेवलेत. त्याच्या जोडीला गावाच्या डिरेक्टऱ्या, पेटंट, 'द आयर्न एज' किंवा 'द फाउंड्री'सारखी धंद्याची नियतकालिकं, व्यापाऱ्यांचे कॅटलॉग. पण नकाशावर 'स्टोव्ह वर्क्स' लिहिलंय म्हणून तिथे तवे ओतले जात होते असं होत नाही, आणि कॅटलॉगमधल्या चित्राचा तर कधीकधी एकच छपाईचा ठसा दोन-तीन व्यापाऱ्यांनी वापरलेला असतो. कारखाने विकलेही जायचे, वॅगनरने १८९७ मध्ये शेजारची सिडनी हॉलो वेअर विकत घेतली, मग एकाच घराण्याची घडण दोन नावांखाली दिसते.

एक कळकळीची गोष्ट म्हणजे साफसफाई. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग अजिबात नको, त्याने घोस्ट मार्कसारख्या पुसट खुणा कायमच्या जातात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवणं किंवा इलेक्ट्रोलिसिस, याने जुना जळका थर सुटतो आणि धातूला धक्का लागत नाही, नंतर बाजूने तिरका उजेड टाकून बघायचं किंवा कागद ठेवून पेन्सिल फिरवायची. त्यात स्वयंपाक करायचा असेल तर आधी शिशाची टेस्ट करावीच, कारण लोक जुन्या तव्यांत बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसं वितळवायचे.

विक्रेते बिननावाच्या तव्याला सर्रास 'बहुतेक ग्रिसवोल्ड' म्हणतात कारण किंमत वाढते, आणि त्यामुळे छोट्या कारखान्यांचं काम मोठ्यांच्या खात्यात जातं. जिथे पुरावा नाही तिथे 'निर्माता अज्ञात' लिहिणंच योग्य. सारख्या घडणीचे तवे एका गटात ठेवून त्या गटाला कामचलाऊ नाव द्यायचं, प्रत्येकाचा बुडाचा सरळ वरून काढलेला फोटो, मिलिमीटरमधलं माप, वजन आणि तो कुठल्या गावात मिळाला हे लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या एखादा कॅटलॉग हाती लागला तर अख्ख्या गटाचा पत्ता एकदम लागू शकतो.