केअर प्लॅन आला कुठून?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत मात्र परावलंबी झालेली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं राहतात, त्या जागेला हे नाव आहे. तिथे प्रत्येक रहिवाशाचा स्वतंत्र, लेखी केअर प्लॅन, म्हणजे त्याच्या देखभालीचा आराखडा, करणं कायद्यानं बंधनकारक आहे. हा कागद रहिवाशांनी लढून मिळवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

1965 मध्ये मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य योजना आल्या, सरकारी पैसा येऊ लागला आणि नर्सिंग होम भराभर वाढली. तपासणीही होत असे, पण कशाची? कोलोरॅडो राज्यातल्या रहिवाशांनी 1975 मध्ये दावा लावला, तेव्हा ते उघड झालं. तपासणीच्या फॉर्ममध्ये 541 प्रश्न होते आणि रुग्णाच्या देखभालीशी जेमतेम संबंध असलेले त्यातले फक्त 30. जागा सोय देऊ शकते का, एवढंच पाहिलं जाई. अंथरुणातल्या माणसाला ती मिळते का, हे कोणी पाहत नसे. पैसा देणाऱ्या सरकारनं तेही जाणून घेतलंच पाहिजे, असा निकाल अपील न्यायालयानं 1984 मध्ये दिला.

पुढच्याच वर्षी एका नागरिक संघटनेनं 15 शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना विचारलं, चांगली काळजी म्हणजे काय? उत्तरांत सर्वांत वर होते कर्मचारी: ते कसे वागतात, कसं बोलतात.

डिसेंबर 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीनं नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. आधी माणसाची सर्वांगीण तपासणी आणि मग तिच्यावर बेतलेला आराखडा, हा क्रम त्यानं घालून दिला. अनेक आजार एकत्र असलेल्यांना याची गरज सर्वाधिक. मूत्रपिंड निकामी म्हणून पाणी मोजून, मधुमेह म्हणून जेवण मोजून, त्यात गिळताना ठसका आणि पाठीवर बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्यानं झालेली जखम. एका दुखण्याचा उपाय दुसऱ्याला बाधतो. सगळ्यांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय इथे निभावच लागत नाही.

मात्र सविस्तर आराखडा तयार होईपर्यंत पहिले काही आठवडे निघून जात. म्हणून 2016 च्या नियमांनी दाखल झाल्यापासून 48 तासांत प्राथमिक आराखडा सक्तीचा केला. आराखडा ठरवणाऱ्या गटात डॉक्टर आणि नर्स यांच्याबरोबर, त्या रहिवाशाला रोज आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनिसालाही त्याच नियमांनी जागा दिली.